नजरेवर विसंबू नका, आधी घर बदला: लहान मुलांची सुरक्षितता आणि तब्येत, पायरी-पायरीने

लहान मूल घरात असलं की जो तो एकच सल्ला देतो: लक्ष ठेवा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. दारावरची बेल वाजते, दूध उतू जातं, फोन येतो, धाकट्याचा डायपर बदलायचा असतो. दिवसभर अखंड लक्ष ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून या लेखातली सगळी मांडणी एकच गोष्ट धरून केली आहे: तुमचं लक्ष अधूनमधून जाणारच. ते गेलं तरी मुलाला मोठी इजा होणार नाही, अशी घराची आणि दिनक्रमाची व्यवस्था आधी लावायची. नजर त्यानंतर.

जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे सगळं आहे. एका दिवसात उरकायचं नाही, पण चार गोष्टी आजच करता येतात: उघडं साठवलेलं पाणी रिकामं करणं, औषधं कुलपात टाकणं, बटणासारखे चपटे सेल शोधून बाजूला काढणं आणि गरम पाण्याच्या यंत्राचं तापमान उतरवणं. बाकीचं सवडीने.

पायरी १: जमिनीवर बसून घर बघा

खरंच बसा, जमलं तर रांगा. उभ्या माणसाला जे कधीच दिसत नाही ते तिथून दिसतं: टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, सोफ्याखाली घरंगळलेली गोळी, खालच्या कपाटातली साबणाची बाटली, टेबलक्लॉथचं हाताशी आलेलं टोक. मग मुलाने हात वर केला तर तो कुठवर पोहोचेल ते बघा. टेबलाच्या कडेपासून आतसुद्धा बराच हात जातो, तेव्हा कप ‘जरा आत सरकवून’ ठेवणं पुरत नाही.

ही पाहणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण मूल नवीन कसब शिकतं ते आगाऊ कळवून नाही. काल कुशीवर न वळणारं बाळ आज पलंगाच्या कडेला असतं. साधारण चौथ्या महिन्यापासून पालथं पडणं, सहा ते दहा महिन्यांत रांगणं, वर्षाच्या आसपास धरून उभं राहणं आणि दीड वर्षानंतर खुर्ची ओढून तिच्यावर चढणं हा ढोबळ क्रम. घर नेहमी पुढच्या टप्प्यासाठी तयार ठेवायचं.

प्लगची भोकं झाकायला सगळे धावतात. ती झाकाच, पण त्याहून दुर्लक्षित धोका म्हणजे अंगावर पडणारं फर्निचर. ड्रॉवरचं कपाट मुलाला जिन्यासारखं वाटतं. खालचे दोन ड्रॉवर उघडून ते वर चढतं, सगळं वजन पुढे येतं आणि कपाट त्याच्यासकट कोसळतं. उंच कपाट, पुस्तकांचं शेल्फ आणि टीव्ही भिंतीला पट्टीने किंवा ब्रॅकेटने पक्के करा. जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवा आणि रिमोट किंवा आवडतं खेळणं वर ठेवून चढायचं आमंत्रण देऊ नका.

खिडकीखाली पलंग, खुर्ची, खोका काहीही नको. डासांसाठी लावलेली जाळी मुलाचं वजन पेलत नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नका. खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडकाव लावा. गॅलरीच्या आणि जिन्याच्या कठड्याच्या गजांमधलं अंतरही १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. पडद्यांच्या आणि ब्लाइंड्सच्या लोंबत्या दोऱ्या गळ्याला फास बसण्याइतक्या लांब नसाव्यात, आणि पाळणा अशा खिडकीपासून दूर हवा. चाकांच्या वॉकरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका, भेट आला तर वापरू नका. चालायला शिकवण्यात त्याचा काही उपयोग होत नाही, आणि त्यात बसलेलं मूल तुम्ही उठायच्या आत जिन्यापाशी पोहोचतं. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

मूल पडलं, डोक्याला लागलं, रडलं आणि थोड्या वेळात खेळायला लागलं, तर घरी लक्ष ठेवणं बहुतेक वेळा पुरतं. ठरलेल्या वेळी झोपायला आलं तर झोपू द्या. पण शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, मूल उठवून उठेना, चालताना तोल जाऊ लागला, झटके आले, कानातून किंवा नाकातून पातळ पाण्यासारखा स्राव आला, किंवा पडणं बरंच उंचावरून होतं, तर थेट रुग्णालय. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याला मार बसला असेल तर दाखवून घेतलेलंच बरं.

पायरी २: गरम ते सगळं

इथे जरा थांबू, कारण भाजण्याच्या घटना अगदी साध्या कामांतून घडतात. मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. ६० अंश सेल्सियसचं पाणी तिला काही सेकंदांत खोलवर भाजतं, तर ५० अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटं लागतात. हा फरक म्हणजे मुलाला बाजूला ओढायला मिळालेला वेळ. म्हणून नळातून येणारं पाणी ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. साठवणुकीच्या टाकीत पाणी याहून गरम ठेवावं लागत असेल, तर नळाच्या आधी थंड-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

आंघोळीचं पाणी काढताना आधी गार, मग गरम. उलट क्रमाने काढलं आणि मधल्या मिनिटात मुलाने हात घातला, तर काय होईल ते सांगायला नको. पाणी ३७-३८ अंश असावं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, कोपराला ते ना गार लागावं ना गरम. तळहाताला गरमाची सवय झालेली असते, त्याचा अंदाज चुकतो.

चहा-कॉफीचा कप हे घरातलं सगळ्यात कमी लेखलेलं हत्यार. करून पंधरा मिनिटं झालेला चहाही मुलाला भाजू शकतो. नियम एकच, पण कडक: हातात गरम पेय असेल तेव्हा मूल मांडीवर नाही, आणि मूल कडेवर असेल तेव्हा कप हातात नाही. पाहुण्यांनाही हे सांगायचं, संकोच न करता. स्वयंपाक करताना मागचे बर्नर आधी वापरा, पातेल्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवा, किटलीची वायर ओट्याच्या कडेवरून खाली येऊ देऊ नका. शेगडीपासून मीटरभर मुलाला मज्जाव, आणि ही हद्द फरशीवर रंगीत चिकटपट्टीने आखली की दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती चक्क खेळासारखी वाटते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं दूध एकसारखं गरम होत नाही. बाटली बाहेरून कोमट आणि आतला एखादा घोट चटका देणारा, असं होतं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा.

आणि भाजलंच तर? पहिली २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल-तूप-लोणी नाही, हळदही नाही. २० मिनिटं हा मोठा वेळ आहे. मूल रडतं, दोन मिनिटांत तुम्हाला वाटतं की झालं. झालेलं नसतं, घड्याळ लावा. भाजून तीन तास उलटेपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, म्हणजे सुरुवातीला राहून गेलं असलं तरी करावं. भाजलेल्या भागावरचे कपडे आणि डायपर लगेच काढा, दोरा-कडं-वाळा काढा, पण कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. भाग पाण्याखाली असताना बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान बाळ पटकन गार पडतं. नंतर स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म त्यावर नुसती पसरून ठेवा, गुंडाळून आवळू नका. मुलाच्या पंजापेक्षा मोठं भाजलं असेल, फोड आले असतील, चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रियाचा भाग असेल, किंवा वीज वा रसायनाने भाजलं असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

पायरी ३: पाणी

बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. पाण्याचा आवाजही फारसा होत नाही. तोंड पाण्याखाली असताना हाक मारता येत नाही, इतकं साधं कारण आहे. पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. शरीराच्या मानाने मुलाचं डोकं जड असतं, त्यामुळे बादलीत डोकावलेलं मूल तोल जाऊन डोक्यावर आत पडतं आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही.

वापर झाला की बादली, टब, फुगवलेलं खेळण्यातलं तळं रिकामं करून पालथं घाला. बाथरूमचं दार बाहेरून बंद. टबात बसवायची सीट ही बसायची सोय आहे, सुरक्षेची नाही. आंघोळ चालू असताना बेल वाजली तर दोनच पर्याय: बेल वाजू द्या, नाहीतर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या. मोठ्या भावंडाला ‘जरा बघ हं’ म्हणून जाणं हा पर्याय नव्हे.

पोहण्याचा तलाव असेल तर चारही बाजूंनी निदान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. पाण्यात किंवा काठावर असलेलं लहान मूल तुमच्या हाताच्या अंतरावर हवं. गंमत म्हणजे मोठी माणसं जितकी जास्त, तितका धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एकाचं नाव घेऊन पाळी लावा: पुढची पंधरा मिनिटं तू, फोन खिशात. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पाण्याच्या जागा बघा, कपाटं आणि पलंगाखाली नंतर.

पायरी ४: तोंडात जाणाऱ्या गोष्टी

रिकामी टॉयलेट पेपरची नळी घ्या. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागता कामा नये. नळी घेऊन दिवाणखान्यात एक फेरी मारा: पेनाचं टोपण, नाणं, मोठ्या भावाचे ठोकळे, फ्रिजवरचं चुंबक. फुगा यात वेगळा मोजा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात पातळ पडद्यासारखा बसतो आणि काढायला फार अवघड जातो.

अन्नाचंही तसंच. द्राक्ष आकाराने मुलाच्या श्वासनलिकेला नेमकं बुचासारखं बसतं. आडवं नव्हे, उभं चिरून चार फोडी करा. अख्खे सुके मेवे, फुटाण्यासारखे कडक दाणे, पॉपकॉर्न आणि गोल कडक गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. कडक भाज्या आणि फळं शिजवून किंवा किसून. खाताना मूल बसलेलं हवं, धावताना, हसवताना किंवा गाडीत मागे एकटं असताना नाही.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्या. खोकला तुमच्या कुठल्याही उपायापेक्षा चांगलं काम करतो. आवाज निघेना, श्वास घेता येईना, ओठ निळे पडायला लागले, तर मात्र क्षणही घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं धरा, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा तुमच्या पंजात. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा. वस्तू निघाली नाही तर उताणं करा आणि स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा. वर्षाच्या वरच्या मुलाला पाठीत तशाच पाच थापा, आणि मग मागून मिठी घालून, बेंबी आणि बरगड्या यांच्या मधोमध मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच हिसके. तोंडात वस्तू दिसत नसेल तर बोट घालून चाचपडू नका, ती आणखी आत जाते. या गडबडीत दुसऱ्या कुणाला तरी आपत्कालीन क्रमांक फिरवायला सांगा. मूल निपचित पडलं तर लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करायचं. ते वाचून येत नाही. काही तासांचं प्रथमोपचार शिबिर घरातल्या निदान दोघांनी करावं, असा माझा आग्रह आहे. सीपीआरमध्ये ३० दाब आणि २ श्वास, वेग मिनिटाला १०० ते १२०, हे आकडे तिथे हाताला बसतात.

बटण सेल हा वेगळाच प्रकार. रिमोट, किल्लीची फोब, वजनकाटा, चमकणारी मेणबत्ती, गाणारं शुभेच्छापत्र, सगळीकडे असतो. अन्ननलिकेत अडकला तर लाळेच्या ओलाव्यात त्यातून वीज वाहते आणि दोन तासांत आतली त्वचा गंभीर जळते. यात सेलचं टोक गळ्याला टोचत नाही, म्हणून मूल सुरुवातीला ठीकही दिसू शकतं. गिळल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, पण मधासाठी निघायला उशीर करायचा नाही. उलटी करवायची नाही. सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं अशीच उपकरणं घरात ठेवा, आणि संपलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून लगेच बाहेर काढा, तो संपला तरी इजा करण्याइतकी वीज त्यात उरलेली असते. शक्तिशाली छोटी चुंबकंही तशीच: दोन गिळली तर आतड्याचे पदर मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

औषधांच्या बाबतीत खरी गफलत होते ती कपाटात नव्हे, पर्समध्ये. आजी-आजोबांची रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी, आठवड्याचे खण असलेली डबी, पाहुण्यांची बॅग. ‘मुलांना उघडत नाही’ असं लिहिलेलं झाकण मुलाला फक्त थोडा वेळ थोपवतं. कुलूप आणि उंची दोन्ही हवं. पाहुण्यांच्या बॅगेसाठी दाराजवळ उंच खुंटी लावा. औषधाला ‘चॉकलेट’ म्हणून पाजू नका. फिनेल, ॲसिड, रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. काही विषारी पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, विष नियंत्रण केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा, आणि जाताना ती बाटली किंवा पाकीट बरोबर न्या.

पायरी ५: झोप

पहिल्या वर्षी बाळ प्रत्येक वेळी, दुपारच्या डुलकीलाही, पाठीवर. गादी घट्ट आणि सपाट, तिच्यावर एक ताणून बसवलेली चादर, बास. उशी, दुलई, लोड, मऊ खेळणी काही नको. बाळ तुमच्या खोलीत, पण स्वतःच्या जागेवर. सगळ्यात घातक जागा म्हणजे सोफा: बाळाला छातीवर घेऊन तिथे डोळा लागला तर ते मध्ये दबू शकतं. रात्री पाजताना झोप अनावर होणार असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरूण बाजूला काढलेला पलंग कमी धोक्याचा. अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम १९९४ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण तिथे ठळकपणे घटलं. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर हा धोका वाढतो, आणि दुसऱ्या खोलीत ओढलेली सिगारेटही ‘बाहेर’ नसते.

पायरी ६: गाडी

गाडीत मूल मांडीवर नको. धक्क्याच्या क्षणी कुणाच्याही हातांना ते धरून ठेवता येत नाही. वयाला-उंचीला योग्य आसन, मागच्या सीटवर, आणि जितका काळ आसनाची मर्यादा परवानगी देते तितका काळ तोंड मागच्या दिशेला. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेलं आसन कधीच नाही. जाड जॅकेट काढून मग पट्टे आवळा. पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे.

उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, काच थोडी उघडी असली तरी. ‘दोन मिनिटांत आलो’ हे गाडीतल्या मुलाच्या बाबतीत म्हणायचंच नाही. दिनक्रम बदललेल्या दिवशी विसर पडतो, म्हणून बॅग किंवा फोन मागच्या सीटवर मुलाशेजारी ठेवायची सवय लावा. गाडी मागे घेण्याआधी मूल कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, आरशात नाही.

पायरी ७: रोजची तब्येत

हात धुणं, साबणाने २० सेकंद: बाहेरून आल्यावर, शी-शूनंतर, खाण्याआधी, नाक शिंकरल्यावर. मुलापेक्षा तुमचे हात जास्त महत्त्वाचे, डायपर बदलल्यावर तर नक्कीच. सॅनिटायझरची बाटली औषधासारखीच दूर ठेवा, त्यात अल्कोहोल असतं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. ते शक्य नसेल तर फॉर्म्युला, पाकिटावरच्या प्रमाणातच. पातळ करून पुरवठा वाढवू नका. सहाव्या महिन्यापासून वरचं अन्न, त्यात लोहयुक्त पदार्थ सुरुवातीपासून. वर्षाच्या आत मध नाही, चाटवण्यापुरताही नाही, कारण त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार) होऊ शकतो. मीठ-साखर जितकी उशिरा तितकी बरी. शेंगदाणा, अंडं यांसारखे ॲलर्जीचे पदार्थ लांबवण्याचा जुना सल्ला आता उलटा झाला आहे: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत लवकर शेंगदाणा दिलेल्या मुलांमध्ये त्याची ॲलर्जी बरीच कमी आढळली. अर्थात अख्खा दाणा नव्हे, पातळ केलेली पेस्ट. बाळाला तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि पुरळ) असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पहिला दात आला की घासायला सुरुवात. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. दूध पीत बाटली तोंडात ठेवून झोपवणं दातांना कीड लावतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत. झोप एक-दोन वर्षांत ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांत १० ते १३ तास, दुपारची धरून. मला स्क्रीनच्या मिनिटांपेक्षा झोप आणि हुंदडणं जास्त मोलाचं वाटतं. ती दोन जमली की स्क्रीनला वेळच कमी उरतो.

लसी वेळेवर. गोवराचा विषाणू, रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो, त्यामुळे ‘आम्ही कुणात मिसळत नाही’ हे संरक्षण नव्हे. किरकोळ सर्दीसाठी लस पुढे ढकलायची गरज नसते.

पायरी ८: आजारी पडल्यावर

तापाचा आकडा जितका घाबरवतो तितका तो सांगत नाही. ३९ ताप असून खेळणारं, पिणारं मूल हे ३८ ताप असून मलूल पडलेल्या मुलापेक्षा बऱ्या अवस्थेत असतं. अपवाद एक: तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर. घरी वाट पाहायची नाही, औषध देऊन उतरवायचाही नाही.

औषध ताप खाली आणायला नव्हे, मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती बाटलीवरून. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सव्वासहा मिली लागतात, आणि ५ मिलीत २५० असलेल्याचे फक्त ३ मिली. थेंबांची बाटली याहूनही तीव्र असू शकते. लेबल वाचा आणि स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीबरोबर आलेली सिरिंज वापरा, ती डोळ्यांच्या पातळीवर धरून. दुसऱ्या सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, म्हणजे नकळत दुप्पट. ॲस्पिरिन मुलांना नाही. गार पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडतं आणि फायदा टिकत नाही. हलके कपडे आणि भरपूर पातळ पदार्थ पुरेत.

तापात आकडी आली तर दृश्य भयंकर असतं. सहा महिने ते पाच वर्षांत हे काही मुलांना होतं. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका. लवकर थांबली तरी पहिल्या वेळी तपासून घ्या.

अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा पेला त्यावर दाबा. काचेखालून ठिपके फिके पडले नाहीत आणि ताप असेल, तर विचार करत बसू नका, तातडीने न्या. सावळ्या त्वचेवर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघावेत.

जुलाबात मारतं ते शरीरातलं कमी झालेलं पाणी. ओआरएसची अख्खी पुडी, पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने घालायची नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, वर १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक १० ते १४ दिवस. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खाली बसली, शौचात रक्त दिसलं, तर घरगुती उपायांची वेळ संपली.

खोकल्यात खोकल्याचा आवाज नाही, श्वास बघायचा. मूल शांत असताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, कण्हण्याचा आवाज येत असेल, तर रात्र असो की दिवस, निघा. लहान मुलांना खोकल्याची सिरपं स्वतःच्या मनाने देऊ नयेत. वर्षाच्या वर झोपण्याआधी चमचाभर मध चालतो.

पायरी ९: सांभाळणारे बाकीचे आणि थकलेले तुम्ही

अखंड रडणाऱ्या बाळासमोर राग येणं हे वाईट आई-बापाचं लक्षण नाही, झोप न झालेल्या माणसाचं आहे. पण बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होते किंवा जीवही जातो. हात शिवशिवायला लागले की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा, कुणाला तरी फोन करा. पाळण्यात रडून बाळाचं काही बिघडत नाही. ही गोष्ट बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला आधीच, शांत वेळी सांगून ठेवा.

दोन-अडीच वर्षांपासून शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवा. कुणाला मिठी द्यायची की नाही हे मुलाने ठरवावं, मग ते घरातलं कुणी का असेना. सरप्राइज ठेवता येतं, मोठ्यांनी ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलेलं गुपित मात्र ठेवायचं नाही, हे खेळता-खेळता पुन्हा पुन्हा सांगा.

शेवटी एक कागद. फ्रिजवर, मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच. त्यावर आपत्कालीन क्रमांक, डॉक्टरांचा आणि विष नियंत्रण केंद्राचा फोन, घराचा पूर्ण पत्ता (घाबरलेल्या माणसाला तोच आठवत नाही), मुलाच्या ॲलर्जी, चालू औषधं आणि वजन. वजन पेन्सिलने लिहा, दर वेळी केल्यावर खोडून नवीन टाका, तारखेसकट. डोस त्याच्यावर काढायचा असतो.